मॅट कागदावर भंडाऱ्याचा पिवळा रंग: स्वतःचे कलर प्रोफाइल तयार करावे का?

सह्यकडा (धागाकर्ता):

जेजुरीच्या सोमवती यात्रेची मी काढलेली छायाचित्रे एका छोट्या प्रदर्शनासाठी छापायची आहेत. प्रिंटर एप्सनचा शुअरकलर पी९०० आहे, कागद हानेम्युले फोटो रॅग, ३०८ ग्रॅमचा, आणि प्रोफाइल कागद कंपनीने याच प्रिंटरसाठी संकेतस्थळावर ठेवलेले आहे. रंगांचे नियंत्रण फोटोशॉपकडे दिलेले असून ड्रायव्हरमधली रंगदुरुस्ती पूर्ण बंद आहे, त्यामुळे प्रोफाइल दोनदा लागण्याचा प्रश्न उद्भवत नाही. मॉनिटर कॅलिब्रेट केलेला आहे आणि त्याची प्रखरता १०० कँडेलाच्या आसपास ठेवलेली आहे.

अडचण दोन ठिकाणी येते. उधळलेला भंडारा पडद्यावर ज्या तेजाने दिसतो त्या तेजाने तो कापसाच्या मॅट कागदावर उतरणार नाही, हे मला मान्य आहे. परंतु जिथे भंडारा दाट आहे तिथले चढउतार आणि हवेत उडालेल्या हळदीचे एकावर एक आलेले पदर नाहीसे होतात आणि एकसलग पिवळा डाग उरतो. दुसरी अडचण सावल्यांची आहे. दीपमाळेच्या सावलीतला काळा दगड, त्यापुढे उभ्या असलेल्या माणसांचे केस आणि खांद्यावरची घोंगडी यांच्या कडा एकमेकींत मिसळून जातात.

माझ्याच प्रिंटरवर रंगचौकटी छापून, त्या मोजून स्वतःचे प्रोफाइल केले तर या दोन्ही गोष्टींत फरक पडेल का? पडत असेल तर किती चौकटी छापाव्यात आणि कोणते मोजणी उपकरण पुरेसे ठरेल, याविषयी अनुभवी सदस्यांचे मत हवे आहे.

मध्यछटा:

मी मुंबईत कलाकृती आणि छायाचित्रे छापून देण्याचे काम करतो. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांची अशी समजूत असते की प्रोफाइल प्रिंटरला सुधारते, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करतो. प्रोफाइल हे केवळ वर्णन असते. अमुक प्रिंटर, अमुक शाई, अमुक कागद आणि ड्रायव्हरमधली अमुक मीडिया सेटिंग (कागदाच्या प्रकाराची निवड) असताना आरजीबीचे कोणते आकडे पाठवले की कागदावर कोणता रंग उमटतो, एवढेच त्यात नोंदलेले असते. त्याच नोंदीवरून उलट दिशेचा तक्ताही तयार होतो, की अमुक रंग हवा असेल तर कोणते आकडे पाठवावेत. कागदावर जो पिवळा मुळात उमटूच शकत नाही तो कितीही काळजीपूर्वक केलेल्या प्रोफाइलने उमटणार नाही, आणि मॅट कागदाचा काळा रंगही त्याने अधिक गडद होणार नाही.

त्या काळ्याचा हिशेब सांगतो. फोटो रॅगसारख्या मॅट कागदावर सर्वांत गडद काळ्याचे लॅब मोजणीतले एल मूल्य (० म्हणजे पूर्ण काळा, १०० म्हणजे पांढरा) साधारण १५ ते १७ येते, म्हणजे घनता (गडदपणाचे माप) १.६५ ते १.७. चकाकी असलेल्या बरायटा कागदावर तेच मूल्य ३ ते ५ पर्यंत खाली जाते आणि घनता २.२५ च्या पुढे पोचते. तुमच्या मॉनिटरवर एल ५ ते १५ या पट्ट्यात जो दगड आणि जी घोंगडी वेगवेगळी दिसते, तो सगळा पट्टा मॅट कागदाकडे नाहीच. ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन चालू असेल तर वरच्या छटा थोड्या दाबून खालच्यांना जागा करून दिली जाते, पण ती जागा अपुरी असते. तो पर्याय बंद ठेवून रिलेटिव्ह कलरिमेट्रिक (कागदावर न येणारे रंग सीमेवर आणून बसवणारी रूपांतर पद्धत) वापरले असेल, तर त्या पट्ट्यातले सगळे काही एकाच काळ्यात जाऊन बसते. म्हणून आधी तो पर्याय चालू आहे का, हे पाहावे.

दुसरी गोष्ट, कागद कंपनीने दिलेले प्रोफाइल वाईट असते हे गृहीतक आता फारसे टिकत नाही. पी९००च्या वर्गातल्या प्रिंटरमध्ये एका यंत्रापासून दुसऱ्या यंत्रापर्यंतचा फरक बराच कमी असतो. मूळ शाई, नामांकित कागद आणि कंपनीने सांगितलेली मीडिया सेटिंग, या तिन्ही गोष्टी पाळल्या असतील तर त्या प्रोफाइलची अचूकता बहुतेक कामांना पुरते. स्वतःच्या प्रोफाइलचा खरा उपयोग कागदाला तयार प्रोफाइल नसते तेव्हा, शाई दुसऱ्या कंपनीची असते तेव्हा, किंवा यंत्र जुने होऊन त्याचे वागणे बदललेले असते तेव्हा होतो.

भंडाऱ्याच्या बाबतीत मला एक पाहून हवे आहे. छायाचित्र कोणत्या रंगावकाशात, म्हणजे किती रंग मावणाऱ्या मर्यादेत, उघडलेले आहे? एसआरजीबी या लहान रंगावकाशात दाट हळदीचा पिवळा आला की लाल चॅनल वरच्या टोकाला आणि निळा चॅनल शून्याला जाऊन चिकटतो, आणि सगळा तपशील एकट्या हिरव्या चॅनलवर येऊन पडतो. तसे असेल तर पदर छपाईच्या आधीच गेलेले असतात.

सह्यकडा:

मध्यछटा, सविस्तर उत्तराबद्दल आभार. रॉ फाइल १६ बिटमध्ये, प्रोफोटो आरजीबीत उघडलेली आहे. तिन्ही चॅनल वेगवेगळे पाहिले. निळ्या चॅनलमध्ये भंडाऱ्याचे पदर स्पष्ट दिसतात. कागदाच्या प्रोफाइलने सॉफ्ट प्रूफ (छापील प्रत कशी दिसेल याचा पडद्यावरचा अंदाज) लावताक्षणी ते जातात. परसेप्च्युअल आणि रिलेटिव्ह कलरिमेट्रिक या दोन इंटेंटमध्ये (रूपांतर पद्धतींमध्ये) पिवळ्यापुरता मला जवळजवळ काहीच फरक दिसत नाही. ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन चालूच होते.

वर्णपट:

तुम्ही शेवटी जे लिहिले आहे, ते या प्रश्नाचे मूळ आहे असे मला वाटते, आणि इथे मध्यछटा यांच्या म्हणण्याला एक पुरवणी जोडावी लागेल. कागदाच्या क्षमतेबाहेरचा रंग प्रोफाइल आणू शकत नाही, हे खरेच आहे. पण बाहेरच्या रंगांना आत कोठे बसवायचे हा निर्णयही प्रोफाइलमध्येच साठवलेला असतो, आणि तो निर्णय कोणी, कशाच्या आधारे घेतला यावर तुमच्या भंडाऱ्याचे पदर राहणार की जाणार हे ठरते.

आठ कंपन्यांनी मिळून १९९३ मध्ये आयसीसी ही संस्था स्थापन केली आणि प्रोफाइलचा सामाईक नमुना ठरवला. त्यात प्रत्येक इंटेंटचा वेगळा तक्ता असतो. कलरिमेट्रिक तक्त्याचा अर्थ काटेकोर आहे: जे रंग कागदावर येतात ते मोजणीबरहुकूम यावेत, जे येत नाहीत ते सीमेवर आणून ठेवावेत. परसेप्च्युअल तक्त्याबाबत मात्र रंगांचे परस्पर संबंध टिकवून सगळी व्याप्ती आत सामावून घ्यावी, असा हेतू तेवढा सांगितलेला आहे. ते कसे करायचे हे प्रोफाइल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरवर सोडलेले आहे. त्यामुळे एकाच मोजणीवरून दोन सॉफ्टवेअरनी केलेल्या प्रोफाइलांचे कलरिमेट्रिक तक्ते जवळजवळ सारखे निघतात आणि परसेप्च्युअल तक्ते लक्षात येण्याइतके वेगळे. शिवाय तक्ता करताना येणारे छायाचित्र किती व्याप्तीचे असेल याचा अंदाज आधीच बांधलेला असतो. तो अंदाज एसआरजीबीएवढा असेल आणि तुम्ही प्रोफोटोतली हळद पाठवली, तर अंदाजाबाहेरचे सगळे रंग शेवटी सीमेवरच कापले जातात. दोन्ही इंटेंट तुम्हाला सारखे दिसण्याचे हे एक संभाव्य कारण आहे.

ग्रॅम गिल यांनी लिहिलेल्या आर्गिल या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये हा अंदाज आपल्याला स्वतः देता येतो. कोलप्रॉफ ही त्यातली प्रोफाइल तयार करणारी आज्ञा. तिला मूळ रंगावकाशाचे प्रोफाइल दिले की परसेप्च्युअल तक्ता त्या अवकाशासाठी बेतला जातो. इथे प्रोफोटो सरळ देऊ नये. प्रोफोटोची व्याप्ती इतकी मोठी आहे की ती सगळी आत बसवायची म्हटल्यावर साधे, मधले रंगही विनाकारण फिके पडतात. त्याऐवजी टिफगॅमट या आज्ञेने प्रदर्शनातल्या सर्व छायाचित्रांची मिळून प्रत्यक्ष व्याप्ती काढावी आणि ती कोलप्रॉफला पुरवावी. मग जेवढे रंग खरोखर आलेले आहेत तेवढ्यांसाठीच जागा केली जाते: हिरव्या-निळ्या बाजूला दाबण्याची गरज नसेल तर तिथे दाब पडत नाही आणि पिवळ्या-नारिंगी बाजूला पदरांमधले अंतर राखून ते आत सरकवले जातात. पिवळा आहे त्याहून थोडा मंद होईल, पण त्याच्या आतले चढउतार राहतील. तुम्हाला तेजाहून पदर महत्त्वाचे आहेत असे धाग्यावरून दिसते, म्हणून हा मार्ग सुचवतो.

नवशिका:

वर्णपट यांना एक प्राथमिक प्रश्न. सॉफ्ट प्रूफ लावून हाताने पिवळ्याची संपृक्तता कमी केली, तर हेच साधणार नाही का? रंग मोजणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर महाग असतो आणि त्याचा उपयोग क्वचितच होईल.

वर्णपट:

एखाद्-दुसऱ्या छायाचित्रासाठी साधते, आणि तुमच्याकडे उपकरण नसेल तर तोच शहाणा मार्ग आहे. छायाचित्राची प्रत करावी, मूळ आणि सॉफ्ट प्रूफ शेजारी ठेवावे आणि पिवळ्या पट्ट्यात संपृक्तता व तेजस्विता हळूहळू बदलत पदर परत येतात का ते पाहावे. प्रदर्शनाच्या पूर्ण मालिकेत मात्र एकाच भंडाऱ्याला एका चित्रात एक आणि दुसऱ्या चित्रात दुसराच पिवळा मिळण्याचा धोका राहतो, आणि भिंतीवर शेजारी लावल्यावर तो फरक डोळ्यांना खुपतो. एका तक्त्यातून सगळी चित्रे गेली तर हा धोका कमी होतो. उपकरण विकत न घेता चौकटींची पाने छापून एखाद्या प्रोफाइल करून देणाऱ्या व्यावसायिकाकडे मोजणीसाठी पाठवता येतात; तेव्हा मोजणीची मूळ फाइलही मागून घ्यावी, म्हणजे पुढे तक्ता नव्याने करायचा झाल्यास पुन्हा मोजावे लागत नाही.

मध्यछटा:

परसेप्च्युअल तक्त्याविषयीचा मुद्दा मला पटला. पण चौकटी छापण्याच्या आधीची कामे नीट झाली नाहीत तर पुढची सगळी मोजणी वाया जाते, म्हणून ती सविस्तर लिहितो.

सर्वांत आधी मीडिया सेटिंग ठरवावी, कारण कागदावर एकूण किती शाई पडणार, मॅट ब्लॅक शाई वापरली जाणार की फोटो ब्लॅक, आणि हेड कागदापासून किती उंच राहणार, हे सगळे तिथे ठरते. प्रोफाइल त्याच्या वरच्या थरावर बसते. ड्रायव्हर आरजीबीतून दहा शायांची विभागणी कशी करतो यात त्याला हात घालता येत नाही. दोन-तीन मॅट सेटिंग घेऊन प्रत्येकीत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची पायऱ्यांची पट्टी आणि शुद्ध रंगांच्या पट्ट्या छापाव्यात, पूर्ण वाळू द्याव्यात आणि मग पाहावे. जिथे काळा सर्वांत गडद येतो पण गडद पायऱ्या एकमेकींत मिसळत नाहीत आणि शाई कागदावर साचून डाग पडत नाहीत, ती सेटिंग घ्यावी. शाई वाढवत नेली की एका मर्यादेनंतर मॅट कागदावरचा काळा गडद होणे थांबते, आणि पुढची शाई सावलीतला तपशील बुजवण्याचेच काम करते. पी९००साठी एप्सनच्या मीडिया इन्स्टॉलरमध्ये स्वतःची मीडिया नोंद करून शाईचे प्रमाण कमी-जास्त करता येते. सह्यकडा यांच्या घोंगडीची अडचण मला प्रोफाइलपेक्षा या टप्प्यावर सुटण्यासारखी वाटते.

त्यानंतर नोझल तपासणी आणि हेडची जुळणी करावी. एखादे नोझल बंद असताना छापलेल्या चौकटी बरोबर दिसतात, मोजल्याही जातात, पण त्यावरून झालेले प्रोफाइल नोझल उघडल्यावर चुकीचे ठरते.

चौकटींचे पान कोणत्याही रंगरूपांतराशिवाय छापले गेले पाहिजे. फोटोशॉपमध्ये पूर्वी त्यासाठी सरळ पर्याय होता. २०१० मधल्या सीएस५ आवृत्तीपासून तो काढून टाकला गेला आणि ॲडोबीने त्याऐवजी कलर प्रिंटर युटिलिटी हा लहानसा स्वतंत्र प्रोग्रॅम दिला. त्यातून किंवा मोजणी सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या छपाई खिडकीतून पान छापावे. मीडिया सेटिंग, छपाईची गुणवत्ता आणि हेड एका दिशेने चालणार की दोन्ही, हे सगळे पुढे प्रत्यक्ष छायाचित्रे छापताना जसे ठेवायचे आहे तसेच ठेवावे आणि त्याच नावाने ड्रायव्हरमध्ये साठवून ठेवावे.

वाळण्याबद्दल मी थोडा कडक आहे. पिगमेंट शाईचा रंग पहिल्या तासाभरात बराचसा स्थिर होतो हे बरोबर असले तरी पान रात्रभर मोकळे ठेवून दुसऱ्या दिवशी मोजावे, आणि पावसाळ्यात तर हे टाळूच नये. मुंबई-कोकणात जुलैमध्ये सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे असते. कापसाचा कागद ओलावा शोषून फुगतो, त्याचे कोपरे उचलले जातात आणि हेड त्यांना घासून जाते. पाकीट उघडण्याआधी काही तास त्याच खोलीत ठेवावे आणि ज्या हवेत प्रदर्शनाची छपाई होणार आहे त्याच हवेत चौकटी छापाव्यात.

वर्णपट:

मध्यछटा यांनी सांगितलेला क्रम योग्य आहे; मीडिया सेटिंग बदलली की जुने प्रोफाइल निरुपयोगी होते, म्हणून ती आधीच पक्की हवी. आता चौकटींच्या संख्येबद्दल.

कलरमंकी या मोजणी उपकरणाच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये ५० चौकटींचे एक पान आणि त्या मोजणीवरून ठरवलेले आणखी ५० चौकटींचे दुसरे पान, एवढ्यावर प्रोफाइल होत असे, आणि चांगल्या वागणुकीच्या प्रिंटरला ते बऱ्यापैकी जुळतही असे. छपाई व्यवसायात वापरला जाणारा टीसी९.१८ हा संच ९१८ चौकटींचा आहे. तुमच्या कामासाठी ९०० ते १,००० चौकटी पुरेशा आहेत. दोन-तीन हजार चौकटी छापण्याने फारसा लाभ होत नाही, कारण त्या टप्प्यावर मोजणीतली आणि छपाईतली बारीक अनियमितताच प्रोफाइलमध्ये उतरू लागते. त्यापेक्षा तोच संच दोनदा छापून, दोन्ही मोजून सरासरी काढणे मला अधिक हिताचे वाटते. आर्गिलमध्ये त्यासाठी वेगळी आज्ञा आहे.

चौकटी कोठे दाट ठेवायच्या हे टार्जेन या आज्ञेत ठरवता येते. करड्या अक्षावरच्या पायऱ्या वाढवाव्यात आणि गडद भागात चौकटींची दाटी वाढवण्याचा जो पर्याय आहे तो वापरावा, कारण मॅट कागदावर गडद भागातच तक्ता वाकडा होण्याचा संभव जास्त असतो. कंपनीचे प्रोफाइल हाती आहेच, तर ते टार्जेनला प्राथमिक अंदाज म्हणून द्यावे, म्हणजे चौकटी डोळ्यांच्या दृष्टीने समान अंतरावर पसरतात.

मोजताना पानाखाली त्याच कागदाची कोरी पाने ठेवावीत, काळे टेबल खाली नको. प्रोफाइल झाल्यावर सॉफ्टवेअर जो सरासरी डेल्टा ई (दोन रंगांतल्या फरकाचे माप) दाखवते त्याचा फार आनंद मानू नये. ज्या चौकटींवरून प्रोफाइल केले त्यांच्याशीच ते जुळवून पाहिलेले असते. पूर्ण वेगळ्या, शंभरेक लॅब रंगांचे पान नव्या प्रोफाइलमधून ॲबसोल्यूट कलरिमेट्रिक इंटेंटने छापावे, मोजावे आणि डेल्टा ई २००० या सूत्राने फरक काढावा. सरासरीबरोबर सर्वांत वाईट चौकटी कोणत्या आहेत हेही पाहावे. त्या सगळ्या एकाच रंगाच्या आसपास गोळा झाल्या असतील तर तिथे मोजणी चुकलेली असते.

रेखाटन:

मी चित्रकार आहे आणि जलरंगांच्या मर्यादित प्रती छापून घेतो. मला एक गोष्ट सतत जाणवते. स्टुडिओत खिडकीजवळ बरोबर वाटलेली प्रत दालनात लावली की कागद मळकट दिसतो आणि करड्या छटा पिवळसर वाटतात. मूळ चित्र शेजारी ठेवले तर ते तितके बदलत नाही. हा दोष प्रोफाइलचा समजावा की प्रकाशाचा?

वर्णपट:

तुमच्या वर्णनावरून तुमच्या प्रतींच्या कागदात ऑप्टिकल ब्राइटनर असावेत. हे पदार्थ अतिनील किरण शोषून निळा प्रकाश बाहेर टाकतात, त्यामुळे खिडकीच्या उजेडात कागद लख्ख पांढरा दिसतो. दालनातल्या नेहमीच्या एलईडी दिव्यात अतिनील भाग जवळजवळ नसतो. अतिनील अडवणारी काच किंवा ॲक्रिलिक असेल तर उरलासुरला भागही थांबतो. मग ब्राइटनर निष्क्रिय राहतात आणि कागदाचा मूळ पिवळसरपणा उघडा पडतो. जलरंगाच्या कागदात ब्राइटनर नसतील तर मूळ चित्रावर हा परिणाम होत नाही.

प्रोफाइलचा संबंध यापुढे येतो. आयएसओ १३६५५ या मानकाच्या २००९ च्या आवृत्तीत मोजणीच्या चार पद्धती ठरवलेल्या आहेत. एम० मध्ये बल्बसारखा प्रकाश असतो आणि त्यातले अतिनील प्रमाण काटेकोर नसते, एम१ मध्ये डी५० या प्रमाणित दिवसप्रकाशाएवढा अतिनील भाग धरलेला असतो, एम२ मध्ये तो पूर्ण वगळलेला असतो आणि एम३ मध्ये त्याबरोबर ध्रुवीकरणाची गाळणीही असते. ब्राइटनर असलेला कागद एम१ मध्ये मोजला की तो निळसर नोंदला जातो, आणि प्रोफाइल त्या निळसरपणाची भरपाई म्हणून फिक्या छटांत पिवळा मिसळते. खिडकीत ती भरपाई जुळते. दालनात निळसरपणा येतच नाही, आणि मिसळलेला पिवळा तेवढा शिल्लक राहतो. म्हणून प्रत जिथे लागणार आहे तिथल्या प्रकाशाला जवळची पद्धत निवडावी: एलईडी आणि काच असेल तर एम२. आय१प्रो २ आणि त्यानंतरच्या उपकरणांत एम०, एम१ आणि एम२ एकाच उपकरणात मिळतात. कलरमंकीचा दिवा पांढऱ्या एलईडीचा असल्याने त्याची मोजणी मुळातच एम२ च्या जवळ जाते.

दीर्घकाळ टिकवायच्या प्रतींसाठी ब्राइटनर नसलेला कागदच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कॅन्सनचा रॅग फोटोग्राफिक आणि प्लॅटिन फायबर रॅग हे तसे आहेत. ब्राइटनर काळानुसार क्षीण होतात, आणि तेव्हा कागदाचा पांढरा बदलून प्रोफाइलने केलेला सगळा हिशेब मोडतो.

रेखाटन:

उत्तराने पुष्कळ उलगडा झाला. आणखी एक प्रश्न मध्यछटा यांना. पुण्याच्या हातकागद संस्थेचा कागद मला फार आवडतो. त्यावर थेट छापून त्याचे प्रोफाइल करता येईल का?

मध्यछटा:

करता येईल, पण त्यापासून काय मिळेल ते आधी सांगतो. इंकजेटसाठी केलेल्या कागदावर शाई वरच्या थरात धरून ठेवणारा लेप असतो. हातकागदावर तो नसतो, म्हणून शाई तंतूंमध्ये उतरते, काळा बराच फिका राहतो आणि रंगांची व्याप्ती आक्रसते. प्रोफाइल या सगळ्याचे प्रामाणिक वर्णन करील आणि निदान रंगछटा भरकटणार नाहीत. अडचण अशी की हातकागदाच्या दोन तावांचे शोषण सारखे नसते, त्यामुळे एका तावावरचे प्रोफाइल दुसऱ्याला पूर्ण लागू पडत नाही. तीन-चार तावांवर तोच संच छापून सरासरी काढावी, कमी शाईची मीडिया सेटिंग घ्यावी आणि सुटे तंतू आधी मऊ ब्रशने झाडून घ्यावेत, नाहीतर ते हेडला चिकटतात. मंद रंगांच्या रेखाचित्रांना हा कागद सुंदर दिसतो. भंडाऱ्यासाठी मी तो घेणार नाही.

कृष्णधवल:

विषय रंगाचा असला तरी मालिकेत कृष्णधवल छायाचित्रे असतील तर थोडे लिहितो. एप्सनची ॲडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट पद्धत प्रामुख्याने काळ्या आणि करड्या शायांवर चालते, रंगीत शाई फार थोडी वापरते, त्यामुळे दिवा बदलला तरी छटा कमी बदलतात. तिथे नेहमीचे आरजीबी प्रोफाइल लावायचे नसते. २१ किंवा ५१ पायऱ्यांची पट्टी त्या पद्धतीत छापून मोजावी आणि क्वाडटोन रिप या छपाई सॉफ्टवेअरबरोबर येणाऱ्या साधनाने करड्या छटांचे प्रोफाइल करावे. गडद टोकाच्या पायऱ्या समान अंतरावर आल्या की घोंगडी आणि दगड वेगळे दिसू लागतात.

सह्यकडा:

सर्वांच्या सूचनांप्रमाणे काम केले, म्हणून निष्कर्ष लिहून ठेवतो.

मीडिया सेटिंगची तुलना करताना मध्यछटा यांचा अंदाज बरोबर ठरला. कमी शाईच्या मॅट सेटिंगमध्ये काळ्याचे एल मूल्य किंचितच वाढले, पण शेवटच्या पायऱ्या स्पष्ट वेगळ्या झाल्या. तीच सेटिंग पक्की करून टार्जेनने ९६० चौकटी तयार केल्या, मित्राच्या आय१प्रो २ ने एम२ पद्धतीत मोजल्या, कारण दालनात एलईडी दिवे आहेत आणि चित्रांवर काच असणार आहे. मग टिफगॅमटने मालिकेची व्याप्ती काढून कोलप्रॉफने प्रोफाइल केले.

नव्या प्रोफाइलच्या कलरिमेट्रिक तक्त्याने छापलेली प्रत आणि कंपनीच्या प्रोफाइलने त्याच इंटेंटमध्ये छापलेली प्रत यांत मला डोळ्यांनी सांगता येईल असा फरक फारसा दिसला नाही. करड्या छटा थोड्या अधिक तटस्थ आल्या, इतकेच. परसेप्च्युअलमध्ये मात्र फरक ठळक आहे. भंडारा आधीपेक्षा मंद आहे, पण मूठ उघडताना उडालेली पूड, तिच्यामागचा दाट थर आणि पायरीवर साचलेला थर असे तीन पदर आता वेगळे वाचता येतात. सावलीतली घोंगडी दिसण्यासाठी सॉफ्ट प्रूफखाली वक्ररेषेने गडद भाग थोडा उचलावा लागला. ते काम प्रोफाइलने केले नाही आणि मध्यछटा यांनी ते आधीच सांगितले होते.

ज्या दोन छायाचित्रांत भंडाऱ्याचे तेज हाच विषय आहे, ती बरायटा कागदावर छापायचे ठरवले आहे. गडद पिवळ्या-नारिंगी भागात या कागदाची व्याप्ती ॲडोबी आरजीबीच्याही थोडी बाहेर जाते, हे आता तुलना करताना स्पष्ट दिसले. ती दोन चित्रे वेगळ्या भिंतीवर लावेन, म्हणजे दोन कागदांचे पांढरे शेजारी येणार नाहीत.

वर्णपट:

उत्तम. बरायटासाठी स्वतंत्र चौकटी छापाव्या लागतील. पी९००च्या ड्रायव्हरमध्ये चकाकी असलेल्या कागदांसाठी कार्बन ब्लॅक नावाची पद्धत आहे. ती वापरणार असाल तर चौकटीही तीच चालू ठेवून छापा, कारण तिने गडद भागातली मोजणी बदलते. आणि मॅटच्या प्रोफाइल फाइलच्या नावात प्रिंटर, कागद, मीडिया सेटिंग, एम२ आणि महिना यांबरोबर या मालिकेचे नावही घाला. त्याचा परसेप्च्युअल तक्ता याच छायाचित्रांसाठी बेतलेला आहे, तो दुसऱ्या कामाला सरसकट लावू नये. कलरिमेट्रिक तक्ता मात्र याच कागदावरच्या कोणत्याही कामाला वापरता येईल.

मध्यछटा:

एक शेवटची सूचना. आज छापलेल्या चौकटींपैकी तीसेक निवडून एक लहान पट्टी करा: करड्या पायऱ्या, शुद्ध रंग, त्वचेच्या दोन-तीन छटा आणि भंडाऱ्याचा पिवळा. प्रत्येक छपाईच्या दिवशी, आणि कागदाचे नवे पाकीट किंवा नवे काडतूस लावल्यावर, ती पट्टी त्याच सेटिंगमध्ये छापून मूळ मोजणीशी ताडून पाहा. आमच्याकडे डेल्टा ई २००० ची सरासरी १ च्या आत असली की काम पुढे चालू ठेवतो; २ च्या जवळ गेली की आधी नोझल तपासतो, मग कागदाचा ओलावा पाहतो, आणि हे दोन्ही ठीक असूनही फरक राहिला तरच नव्याने चौकटी छापतो.

सह्यकडा:

पट्टी तयार करून मोजणी साठवली आहे. बरायटाच्या चौकटी कार्बन ब्लॅकमध्ये छापून वाळत ठेवल्या आहेत. मोजल्यावर दोन्ही कागदांच्या व्याप्तीची तुलना याच धाग्यावर देईन.